जावयाच्या गाडीवरची धूळ

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या जेवणाची सासऱ्याला किती धास्ती असते, ते मात्र ज्याची मुलगी नुकतीच सासरी गेलेली असते त्यालाच ठाऊक. आमच्या मुलीच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना होता. एकुलती एक मुलगी. मी सेलूला एका शाळेत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. सही करण्याआधी कागद तीन वेळा वाचायचा आणि सही केल्यावर घरी येऊन पुन्हा त्याचीच फिकीर करत बसायचं, अशी माझी सवय. नोकरीतून निवृत्त झालो, फिकिरीतून झालो नाही.

जावई मूळचे आमच्याच मराठवाड्यातले, पण नोकरी पुण्याला एका कारखान्यात. बोलणं कमी, वागणं नीटनेटकं. टॉवेल वाळत घातला तरी दोन्ही टोकं सारखी आलेली असायची. ताटात कोशिंबिरीचं पाणी भाजीकडे गेलं तर ते जेवायचे थांबायचे, काही न बोलता पोळीच्या तुकड्यानं बांध घालायचे आणि मग पुढे जेवायचे. या नीटनेटकेपणाचं मला आधी फार कौतुक होतं. चार लोकांत सांगायचो. पुढे पुढे मात्र त्याची थोडी धडकी भरायला लागली, कारण मुलगी फोनवर आमच्याशी बोलताबोलता मध्येच आवाज खाली आणून म्हणायची, ठेवते आता, हे आलेत. काय झालं म्हणून विचारलं तर काही नाही म्हणायची. मी बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, नव्या संसारात असं असतं, तुम्ही उगाच खोदत बसू नका. मग मी खोदलं नाही. पण रात्रंदिवस मनात एकच होतं, की आपल्या पोरीला तिथं सुखानं राहू दिलं जातंय का.

ते दोघं आले ते दिवस मावळायच्या सुमारास. गाडी नवी होती, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, काळीभोर. म्हणजे काळीभोर असावी. पाथरीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, मैलोनमैल मुरूम पसरला होता आणि त्यात उन्हाळ्याचा वारा. गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिचा काळा रंग शोधावा लागत होता. जावई उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून दरवाजांकडे पाहिलं आणि घरात आले. मुलगी हातात पिशवी घेऊन उंबऱ्याशी थांबली होती. ते गाडीकडे पाहत असताना ती त्यांच्याकडे पाहत होती. आत आल्यावर तिला मला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. अण्णा, म्हणाली, आणि मग म्हणाली, तुमची तब्येत उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचलाच उठलो. बाहेर आलो तर गाडी तशीच, धुळीत न्हालेली. आमच्याकडे धोंड्याला जावयाचे पाय परातीत धुतात, त्याला लक्ष्मीनारायणातला नारायण मानतात. ज्याचे पाय धुवायचे, त्याची गाडी आपल्या दारात फुफाट्यानं माखलेली उभी, हे मला बरं दिसेना. गल्लीतून दूधवाले, फिरायला जाणारे जात होते. जावई उठायच्या आत गाडी लखलखीत करून ठेवावी, त्यांनी दार उघडून पाहावं आणि मनातल्या मनात म्हणावं, माणसं चांगली आहेत. माझा लोभ एवढाच होता. ते खूश तर पोरगी खूश, असा माझा हिशेब होता.

पाण्याची अडचण होती. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो. पिंपातलं पाणी पाहुण्यांच्या आंघोळीसाठी राखलेलं. तेव्हा गाडी कोरडीच पुसायची ठरवली. माझी स्कूटर मी वीस वर्षं कोरड्या फडक्यानंच पुसत आलो होतो. तिचा रंग उडाला होता, पण तो वयानं उडाला असंच मी समजायचो. बायकोची एक जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. तिचा मोठा तुकडा फाडून घेतला. मऊ कापडानं काय बिघडणार?

टपापासून सुरुवात केली. मग बॉनेट. पितळेची समई घासतात तसा गोल गोल हात फिरवत होतो आणि कुठं पाखराचं वाळलेलं दिसलं की जरा दाबून. फडक्याखाली बारीक करकर वाजत होती. ती मला ऐकू आली होती, हे मी लपवणार नाही. ऐकूनही थांबलो नाही. फडकं झटकायचं, उलटं करायचं की पुन्हा सुरू. अर्ध्या तासात गाडी काळी झाली. मी मागे सरकून, कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि मला फार समाधान वाटलं.

ते समाधान समोरच्या गच्चीवरून ऊन येईपर्यंत टिकलं. ऊन बॉनेटवर पडलं आणि कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल चरे एका जागी नाही, सगळीकडे उमटले. आधी वाटलं साडीचे धागे चिकटलेत. फुंकर मारली. मग बोट ओलं करून घासलं. चरे तिथंच. टपावर पाहिलं, तिथंही. जिथं दाबून पुसलं होतं तिथं तर नखानं ओरबाडल्यासारखी रेघ होती. गाडीचं काय व्हायचं ते होईल. मला दिसत होती ती माझी मुलगी. आता जन्मभर, कशावरूनही काही निघालं की तिला ऐकावं लागणार, तुझ्या बापानं माझी नवी गाडी खराब केली.

त्या घाईत मला जे सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मी आत जाऊन खोबऱ्याच्या तेलाची बाटली आणली. आमच्या शाळेत पाहुणे यायचे असले की जुन्या लाकडी कपाटांवर तेलाचा हात फिरवायचो. चरे बुजायचे, कपाट नवं दिसायचं. बॉनेटवर तेल चोळलं. खरंच चरे गेले. गाडी अशी चमकायला लागली की मी मोठा श्वास घेतला आणि मग टपाला, दरवाजांना, सगळीकडे तेल लावून टाकलं. नऊच्या सुमारास वारा सुटला. आमच्याकडचा वैशाख-जेठातला वारा म्हणजे सोबत अख्खं शिवार घेऊन येतो. अर्ध्या तासात त्या तेलावर धुळीचा असा थर बसला की गाडी पिठात घोळून काढल्यासारखी दिसायला लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

बायको बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं.

"काय करायलात तुमी?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, पाहुणे आंघोळ करून आले की लगेच सांगून टाकतो. तिनं मला तिथंच थोपवलं. तीन वर्षांनी येणारा महिना, पोरीचा पहिला धोंडा, जेवणाआधी कुणाचं तोंड कडू करायचं नाही. जेवण होऊ द्या, मग पाहू. तिचं बरोबर होतं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. पण मला ते सोयीचं होतं, म्हणून मी ऐकलं. दारावरचा पडदा तेवढा ओढून घेतला.

पुढचे चार तास कसे गेले ते माझं मला माहीत. दोघांना पाटावर बसवलं, पाय धुतले. जावयाच्या पायांवर पाणी घालताना मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं असेल सासऱ्याला गहिवर आला. तेहतीस अनारसे, त्यावर तांब्याचा दिवा, असं वाण दिलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. जावई मन लावून जेवले, बायकोला म्हणाले, मामी, धोंडे छान झालेत. मुलगी हसत होती. इतकी छान हसत होती की मी दुसरा धोंडा घेतलाच नाही. चोराच्या मनात चांदणं. जावयानं मान वर केली की मला वाटे, आता दाराकडे पाहतायत.

जेवणानंतर मी पुढच्या खोलीत बाजेवर आडवा झालो. थोड्या वेळानं जावई फोनचा चार्जर आणायला बाहेर गेले. मी डोळे मिटून घेतले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग दार लागलं. ते परत आले, माझ्या बाजेजवळून गेले, थांबले नाहीत. आतल्या खोलीत मुलगी बॅग भरत होती. आमच्या त्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे.

"गाडी कोणी पुसली?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. मुलगी म्हणाली, "मी."

"कोरड्या कापडानं?"

"हो."

"आणि वरून तेल?"

यावर ती अडली. तेलाचं तिला कुठं माहीत होतं. पण मग म्हणाली, "हो."

"येताना तुला तीन वेळा सांगितलं. घरी सांग, गाडीला कुणी हात लावू नका. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग तुझ्या डोक्यात शिरत का नाही?"

"चुकलं माझं. पुन्हा न्हाई होणार."

मी बाजेवर उठून बसलो. आल्या संध्याकाळी तिला मला काय सांगायचं होतं ते आत्ता कळलं. कितीतरी महिन्यांनी घरी आलेल्या पोरीनं बापाला उंबऱ्यातच कसं म्हणावं, की गाडीला हात लावू नका? म्हणून ती गप्प बसली होती. पण मला हलवलं ते त्यानं नाही. ही आमची मुलगी लहानपणी इतकी हट्टी, की चौथीत असताना बाईंनी माफी माग म्हटलं तर दोन दिवस वर्गाबाहेर उभी राहिली आणि शेवटी बाईच थकल्या. चुकलं हा शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. तो आज इतका सहज आला, की रोजचा होता हे लगेच कळत होतं.

मी त्या क्षणी धावत आत गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. बला टळली, तिनं निभावून नेलं, असं मी बाजेच्या कडेवर बसून चक्क मनात म्हटलं. त्याची लाज वाटली तेव्हा उठलो आणि पडदा बाजूला केला.

"पाहुणे, गाडी मी पुसलीय. तेलबी मीच लावलं. तिला यातलं काहीच ठाऊक न्हाई."

जावयाचा चेहरा बदलला. क्षणात. "अहो मामा, त्यात काय एवढं," ते म्हणाले. नव्या रंगाचं असं होतंच, धुळीवर कोरडं फडकं फिरलं की चरे येतात, पॉलिश केलं की निघून जातील, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते हसलेसुद्धा. ज्या चुकीसाठी तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं, ती चूक माझी निघाल्यावर अर्ध्या मिनिटात माफ झाली. मुलगी कपाटाला टेकून फरशीकडे पाहत होती. मग जावयानं वळून तिच्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, विचारल्यासारखं. आणि माझ्या ध्यानात आलं की मी सकाळपासूनची तिसरी चूक केली होती. चरे माझ्या नावावर आले, पण खोटं आता तिच्या नावावर होतं.

ऊन उतरल्यावर जावई म्हणाले, चला मामा, तुम्हाला दाखवतो. पत्रा हाताला गार लागेपर्यंत त्यांनी थांबवलं. तापलेल्या गाडीवर साबण वाळून डाग पडतात म्हणे. मी पिंपातलं पाणी काढलं. बायकोनं डोळे वटारले, पण काढलं. दोन बादल्या भरल्या. एकीत गाडीचा शाम्पू, एकीत नुसतं पाणी. डिकीतून त्यांनी केसाळ हातमोजा काढला. पण तो लगेच लावू दिला नाही. आधी वरून तांब्यानं नुसतं पाणी सोडायचं, हात न लावता, जेवढी धूळ आपोआप वाहून जाईल तेवढी जाऊ द्यायची. ते मला समजावत होते, की ही धूळ म्हणजे मुरमाचे बारीक खडे आहेत. कापड कितीही मऊ असलं तरी ते खड्यांनाच रंगावरून ओढत नेतं. मग शाम्पूचा हातमोजा, वरून खाली, सरळ रेघेत, गोल नाही. दोन हात फिरले की तो दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचा. खालच्या कडा सगळ्यात शेवटी, कारण खडे तिथं जास्त. आणि जोर नाही लावायचा. "हाताचंही वजन नको मामा," ते म्हणाले, "मोज्याचं असतं तेवढंच पुरे."

शेवटी पाणी टिपताना माझ्या हातून फडकं जमिनीवर पडलं. मी उचलून झटकलं आणि पुन्हा गाडीला लावणार, तेवढ्यात त्यांनी ते हळूच काढून घेतलं आणि दुसरं दिलं. पडलेलं फडकं आता नको, त्याला खडे लागले. हे दुसरंही घासायचं नाही, नुसतं टेकवून उचलायचं. मी दोनदा विसरलो, त्यांनी दोनदा सांगितलं, न चिडता. माझ्या वडिलांनीसुद्धा मला इतकं शांतपणे काही शिकवलं नव्हतं. आणि जसजसे ते शांतपणे शिकवत होते तसतसा माझा जीव आणखी खालीवर होत होता, कारण या माणसाला असं शांतपणे सांगता येतं आणि तरीही स्वतःच्या घरात ते होत नाही. बोलावं की नाही? बोललो आणि त्याचा राग तिच्यावर निघाला तर? हात दाखवून अवलक्षण. तरी बोललो.

"पाहुणे, मला जसं सांगायलात, तसं तिलाबी सांगत जा."

त्यांचा हात बादलीतच राहिला. "मी काय बोललो तिला?" त्यांनी विचारलं. "आवाजसुद्धा चढवला नाही मी."

"न्हाई चढवला. मी ऐकलंय."

शेवटचा दरवाजा त्यांनी एकट्यानंच पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी बायकोनं मुलीची ओटी भरली. मी स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या भरत होतो, तिथं ती आली. डोळे कोरडे होते.

"अण्णा, कशाला बोललात तुमी त्यांना? आता सात-आठ तास मलाच त्यांच्या शेजारी बसायचंय."

मी बाटलीचं झाकण लावत राहिलो. गाडी गल्लीच्या वळणावरून गेली तेव्हा काचा वर होत्या आणि आत कुणी बोलतंय का ते दिसलं नाही.

तो दिवस मी फोनजवळ काढला. बायको म्हणाली, माणूस गाडी चालवत असताना फोन करू नये, आणि मी केला नाही. बाजारात गेलो आणि काय आणायला आलो ते विसरून परत आलो. वर्तमानपत्राचं एकच पान तीन वेळा वाचलं. मनात नुसता तो बंद काचांचा डबा, त्यात ती दोघं आणि मधे मी सोडलेलं वाक्य. आपण तिच्यासाठी बोललो की आपलं मन हलकं करायला बोललो, हे मी स्वतःला विचारत होतो आणि उत्तर टाळत होतो.

चारच्या पुढे फोन आला. पोचलो, म्हणाली. मी विचारलं, काही बोलले का ते?

"पाथरीपर्यंत काहीच न्हाई. मग विचारलं, खोटं का बोललीस?"

"मग?"

"मी म्हटलं, मला तुमची भीती वाटती म्हणून."

मी खुर्ची ओढून बसलो. जे विचारायचा मला दीड वर्षात धीर झाला नव्हता आणि जे तिनं मला, आईला कधी सांगितलं नव्हतं, ते ती ज्याची भीती वाटते त्यालाच सांगून बसली होती.

"मग काय म्हणाले?"

"गाडी बाजूला घेतली. मग विचारलं, कधीपासून?"

"तू काय सांगितलंस?"

"लग्न झालं तेव्हापासून, म्हटलं."